पंडिता रमाबाई : पुराणकथनाकडून साक्षीकडे

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून (१८८८) लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’पर्यंत (१९३४–३७) जाणारी ख्रिस्ती आत्मकथनाची रेषा अभ्यासकांच्या परिचयाची आहे. या रेषेच्या मधोमध ज्यांचे स्थान असायला हवे, त्या पंडिता रमाबाईंचे नाव मात्र या संदर्भात क्वचितच घेतले जाते. याचे एक कारण उघड आहे. रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची कहाणी १९०७ साली केडगाव येथून प्रसिद्ध केली ती इंग्रजीत, एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने. दुसरे कारण असे की, स्त्रीउद्धाराचे कार्य करणाऱ्या रमाबाई आणि धर्मांतर करणाऱ्या रमाबाई अशी त्यांच्या आयुष्याची वाटणी करण्याची सवय आपल्या चरित्रलेखनाला दीर्घकाळ राहिली. पहिल्या रमाबाईंचा गौरव करायचा आणि दुसरीविषयी मौन पाळायचे किंवा खेद व्यक्त करायचा, असा हा शिरस्ता होता. ख्रिस्ती चरित्रकारांनी बहुधा याच्या उलट केले. प्रस्तुत लेखात ही वाटणी बाजूला ठेवून त्यांचे आयुष्य एका सूत्राने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे सूत्र म्हणजे स्वतःच्या श्रद्धेची हकिकत स्वतःच सांगण्याचा हक्क.

ख्रिस्ती परंपरेत या कथनाला ‘साक्ष’ अशी संज्ञा आहे. ईश्वराने आपल्या आयुष्यात काय केले हे श्रद्धावंताने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगणे म्हणजे साक्ष देणे होय. न्यायालयातील साक्षीचा अर्थ या संज्ञेत कायम राहिलेला आहे. साक्षीदाराने आपण प्रत्यक्ष पाहिलेले आणि अनुभवलेले तेवढेच सांगावयाचे असते. ऐकीव गोष्टीला तेथे किंमत नसते. मराठी वाचकाला ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. नामदेव-तुकारामांच्या आत्मपर अभंगांत आणि विशेषतः बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात तिचे नाते शोधता येते. तरीही रमाबाई ज्या घरात वाढल्या त्या घराची वाणी ही नव्हती. ते घर पुराणिकांचे होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यातील ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे व्यासंगी पंडित. आपल्या पत्नीला संस्कृत शिकवायचे असा निश्चय त्यांनी केला आणि त्यासाठी नातलगांचा व समाजाचा रोष पत्करला. स्त्रीला संस्कृत शिकविणे अशास्त्रीय नाही, हे त्यांना धर्मपंडितांसमोर शास्त्राधारे मांडावे लागले. पुढे ते अरण्यात आश्रम करून राहिले. तेथे लक्ष्मीबाई स्वतः विदुषी झाल्या आणि रमाबाईंच्या पहिल्या गुरूही त्याच ठरल्या. घरची संपत्ती ओसरल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते पुन्हा स्थिर असे झालेच नाही. देवळाच्या सभामंडपात, नदीच्या घाटावर किंवा एखाद्या झाडाखाली बसून पुराण सांगावे, श्रोत्यांनी फळफुले, धान्य, पैसे ठेवावेत आणि त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. रमाबाईंना भागवत मुखोद्गत होते. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यांचे सारे शिक्षण आणि सारा व्यवसाय म्हणजे पवित्र कथा जशी परंपरेने आली तशी लोकांपुढे म्हणणे हाच होता.

या पूर्वायुष्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यायला हवे. पुराणिकाचे कौशल्य पाठांतरात, कंठात आणि निरूपणात असते. त्याच्या ‘मी’ला त्या कथनात जागा नसते, आणि असूही नये अशीच अपेक्षा असते. श्रवणाने पुण्य लागते अशी श्रोत्यांची श्रद्धा असल्यामुळे सांगणाऱ्याचा स्वतःचा अनुभव काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. रमाबाईंवर मात्र तो प्रश्न लवकरच परिस्थितीने लादला.

दुष्काळाच्या दिवसांत या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आणि देवकार्यात संपले होते. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. १८७४ साली अनंतशास्त्री गेले, काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या, आणि थोरल्या बहिणीचाही अंत झाला. दृष्टी गेलेल्या वडिलांनी अखेरच्या दिवसांत आपल्याला जवळ घेऊन ईश्वराच्या हाती सोपविल्याची आठवण रमाबाईंनी पुढे आयुष्यभर जपली. त्या ईश्वराचे नाव त्यांच्यापुरते पुढे बदलले; पण वडिलांनी आपल्याला कोणाच्या हाती दिले होते याविषयी त्यांना शंका आली नाही. आपल्या ख्रिस्ती आत्मकथनात हिंदू पित्याला त्यांनी दिलेले हे स्थान असाधारण आहे. धर्मांतरितांच्या कथनांत पूर्वायुष्याला नुसता अंधार म्हणून रंगविण्याची रीत असते. रमाबाईंनी ती रीत काही ठिकाणी पाळली असली, तरी आईवडिलांच्या बाबतीत त्यांना ती पाळता आली नाही.

त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी उत्तर हिंदुस्थान पायी पालथा घातला आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. तेथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका विशीतील मुलीला हा मान मिळावा ही घटना सर्व देशात गाजली. येथेच त्यांनी प्रथम ख्रिस्ती लोकांची उपासना पाहिली. उपस्थित मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकू लागली तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात अशी त्यांची समजूत झाली. संस्कृत बायबलाची प्रत त्यांना भेट मिळाली. तिने मनाचा ठाव घेतला नाही. याच काळात पडद्यातील स्त्रियांना धर्मशास्त्रातील स्त्रीधर्म सांगावा अशी विनंती त्यांना झाली आणि त्या तयारीसाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. एरवी परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्री स्वभावतः दोषयुक्त आहे आणि स्त्रीशूद्रांना मोक्षाचा मार्ग स्वतंत्रपणे खुला नाही, या दोन बाबतींत एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्यास दिल्यावरही हे असमाधान मिटले नाही. मोक्षाची कथा हजारो श्रोत्यांना सांगणाऱ्या पुराणिकाच्या मुलीला त्या कथेत आपल्याला स्वतःला प्रवेश नाही, हे उमगले. रमाबाईंच्या धर्मशोधाचा प्रारंभ कोणा मिशनऱ्याच्या प्रवचनात न शोधता या वाचनात शोधावा लागतो.

१८८० मध्ये श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते आणि दोघांचाही रूढ धर्मावरील विश्वास उडालेला होता. सिल्चर येथील घरातल्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत आढळली. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी काही भाग समजावून घेण्यास सुरुवात केली. मिशनशाळेत शिकलेल्या पतीला हे रुचले नाही. हा मतभेद पुढे कोठवर गेला असता हे कळण्यापूर्वीच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीने मेधावींचा अंत झाला. मुलगी मनोरमा तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची होती.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढील निवेदन हे सारे १८८२ मधलेच. पुण्याच्या सुधारक मंडळींच्या दृष्टीने ही विदुषी म्हणजे प्राचीन आर्य स्त्रीच्या वैभवाचा जिवंत पुरावा होती. पण याच पुण्यात त्या इंग्रजी शिकत होत्या, त्याबरोबर मराठी नवा करार वाचीत होत्या आणि नीलकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांचा वाद-संवाद चालू होता. काशीच्या विद्येत वाढून ख्रिस्ती झालेल्या या पंडिताची युक्तिवादाची भाषा रमाबाईंच्या ओळखीची होती. ब्राह्ममताविषयी त्यांच्या मनात उरलेला आधार गोऱ्यांच्या या युक्तिवादाने डळमळीत झाला.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने त्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. या प्रवासाची हकिकत त्यांनी मराठीत पत्ररूपाने लिहिली आणि ती त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध झाली. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्या उतरल्या. तेथील काही भगिनींचा परिचय पुण्यातच झाला होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला. या आघाताच्या छायेतच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. निर्णय कसा झाला याचा जो वृत्तान्त रमाबाईंनी पुढे दिला, त्यात कोणा धर्मगुरूच्या युक्तिवादाला प्राधान्य नाही. भगिनीसंघाने त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले सेवागृह दाखविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना हे लोक प्रेमाने कसे वागवितात हे त्यांनी पाहिले आणि याचे कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ज्या मोक्षाचे दार धर्मशास्त्रात बंद होते, ते एका परजातीच्या, कलंकित स्त्रीसाठी उघडलेले त्यांना या कथेत दिसले. आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ती शोमरोनी स्त्री घागर तेथेच टाकून गावात धावते आणि आपल्या बाबतीत काय घडले ते गावकऱ्यांना सांगते. म्हणजे रमाबाईंना ज्या कथेने ओढून घेतले ती मुळातच एका स्त्रीने दिलेल्या साक्षीची कथा आहे.

बाप्तिस्म्याची वार्ता महाराष्ट्रात पोहोचली तेव्हा येथे क्षोभ उसळला. कालपर्यंत आर्य विदुषी म्हणून मिरविलेली स्त्री आता परधर्माच्या भुलीला बळी पडलेली दुबळी विधवा ठरली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली, ती अपवादात्मक म्हणावी लागेल. टीकाकारांचे गृहीत एकच होते : या बाईने स्वतः विचार करून हा निर्णय घेतला असणे शक्य नाही. आश्चर्य म्हणजे इंग्लंडमधील तिच्या नव्या धर्मबांधवांचे गृहीतही फार निराळे नव्हते.

१८८४ ते १८८६ या काळात रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीत होत्या. बधिरतेमुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला होता. या वर्षांतील त्यांचा भगिनी जेराल्डीन, प्राचार्या डोरोथी बील आणि इतर धर्माधिकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. या पत्रांचे महत्त्व केवळ चरित्रविषयक नाही. श्रद्धेची हकिकत कोणी सांगायची याविषयीचा एक प्रदीर्घ झगडा त्यांत नोंदला गेला आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, अथानेशियन मतांगीकार यांविषयी रमाबाईंनी शंका काढल्या. ज्या गोष्टी आपल्याला बायबलात सापडत नाहीत त्या केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करणार नाही अशी भूमिका घेतली. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली तेव्हा हा निर्णय दुसऱ्यांनी घ्यावा याबद्दल त्यांनी तीव्र नाराजी दर्शविली. त्यांचा शाकाहार, क्रुसावरील लेख लॅटिनऐवजी संस्कृतात असावा हा आग्रह, अशा वरवर किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींतही हाच मुद्दा होता. भगिनी जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. त्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या आणि त्यांचे प्रेम खरे होते, याविषयी पत्रांवरून शंका राहत नाही. परंतु आपल्या लेकीची श्रद्धा काय आहे हे आपण आणि आपल्या वरिष्ठांनी ठरवावे, असे त्यांना वाटत होते. रमाबाईंनी विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य मोठ्या प्रयासाने मिळविले होते. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती पडण्याची त्यांची तयारी नव्हती.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी एक निवासी शाळा काढायची, तीत धर्मशिक्षण द्यायचे नाही, प्रत्येकीला आपला धर्म पाळू द्यायचा, असे तिचे स्वरूप ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. १८८९ मध्येच ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तेथील धर्मपंथांचे आणि दानधर्माचे साक्षेपी वर्णन आहे. पण लेखिकेच्या अंतर्यामीची हकिकत नाही. बाप्तिस्मा घेऊन सहा वर्षे झाली होती, दोन खंडांत त्यांनी अनेक भाषणे दिली होती, तरीही सांगण्यासारखी साक्ष त्यांच्यापाशी जणू अजून तयार झाली नव्हती.

याचा उलगडा त्यांनी स्वतःच १९०७ मध्ये केला. आपल्याला १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी मान्य केले. ही जाणीव त्यांना १८९१ च्या सुमारास झाली आणि तिला निमित्त झाले ते दुसऱ्या एका माणसाचे आत्मकथन. विल्यम हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील अँग्लिकन पाद्री. दीक्षा घेऊन, चर्चचे सर्व आचार पाळून कितीतरी काळ लोटल्यावर, स्वतःच प्रवचन करीत असताना त्यांना आपल्या श्रद्धेतील पोकळी उमगली आणि तेथेच पालट घडला, असा त्यांचा अनुभव त्यांनी पुस्तकरूपाने लिहिला होता. ते वाचताना रमाबाईंना आपलेच चित्र दिसले. ज्या बाईला विद्वान गोऱ्यांचे ग्रंथ, बिशपांचे उपदेश आणि जेराल्डीन यांची कळकळीची पत्रे पूर्णपणे पटवू शकली नाहीत, तिला एका साध्या आत्मकथनाने हलविले. साक्ष हा प्रकार कसा काम करतो याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. सिद्धान्ताला प्रतिवाद करता येतो. ज्याने आपली चूक स्वतः सांगितली त्याच्याशी वाद घालण्याऐवजी ऐकणारा स्वतःकडे वळतो.

परंतु येथूनच रमाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंगालाही प्रारंभ होतो. ज्याला काही सापडले त्याला ते सांगितल्यावाचून राहवत नाही; आणि रमाबाई तर धर्माच्या बाबतीत अलिप्त राहण्याचे वचन दिलेल्या संस्थेच्या प्रमुख होत्या. रोज सकाळी त्या मनोरमेसह आपल्या खोलीत बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असा आग्रह त्यांना झाला. त्यांनी तो मानला नाही. मुलींना आपापली पूजाअर्चा करण्याची मोकळीक आहे, मग मला माझ्या घरात उघडपणे प्रार्थना करण्याची मोकळीक का नसावी, असा त्यांचा सवाल होता. ‘केसरी’ने टीकेची धार वाढविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुलींना सदनातून परत नेले. बॉस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला.

या प्रसंगाचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. रमाबाईंच्या बाजूने असे म्हणता येते की, त्यांनी सक्ती केल्याचा पुरावा नाही. सदनाच्या आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी या तेथे शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. श्रद्धा असलेल्या माणसाने ती दाराआड लपवावी ही मागणी रमाबाईंच्या जीवनसूत्राच्याच विरुद्ध होती. सल्लागारांच्या बाजूनेही तितक्याच गांभीर्याने बोलावे लागते. ज्यांना घर नाही, ज्यांचे केशवपन झालेले आहे, ज्यांना प्रथमच कोणी मायेने जवळ केले आहे, अशा मुलींवर ते छप्पर देणारीच्या प्रार्थनेचा प्रभाव पडणारच. तेथे दार उघडे असणे आणि आत बोलावणे यांतील अंतर फार थोडे उरते. साक्ष ऐकणाऱ्याला उठून जाण्याचा मार्ग असला पाहिजे; सदनातील मुलींपैकी पुष्कळ जणींना जायला दुसरी जागाच नव्हती. रमाबाईंना या विषमतेची पूर्ण जाणीव होती असे त्यांच्या तेव्हाच्या उत्तरांवरून दिसत नाही. स्वतःच्या विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्लंडमध्ये त्यांनी जो लढा दिला, त्यात त्या दुर्बळ बाजूला होत्या. पुण्यात त्या सबळ बाजूला आल्या होत्या. हा बदल ध्यानात घेतल्याखेरीज १८९३ च्या वादाचे स्वरूप नीट कळत नाही. पुढील काही वर्षांत सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि कालांतराने संस्थेचे ख्रिस्ती स्वरूप उघडपणे जाहीर झाले. जुने दुहेरी नाते संपले हे एका अर्थाने प्रामाणिकपणाचे होते. येणारीला आपण कोठे येत आहोत हे निदान ठाऊक असे.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेथील वृत्त ऐकून रमाबाई निघाल्या, तेव्हा त्यांना आठवत होता तो बावीस वर्षांपूर्वीचा स्वतःच्या घरातला दुष्काळ. १८९७ मधील दुष्काळविषयक पुस्तिकेत त्यांनी आईवडिलांच्या मृत्यूची हकिकत प्रथमच तपशिलाने लिहिली. हे आत्मकथन मदतीच्या आवाहनाचा भाग म्हणून लिहिले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्वतःविषयी बोलण्याचे संकोच बाजूला सारायला त्यांना दुसऱ्यांच्या भुकेचे निमित्त लागले. दुष्काळी मुलामुलींना घेऊन त्या केडगावला आल्या. तेथे मुक्ती सदन उभे राहिले आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दीड हजारांवर गेली. आता येणाऱ्या मुली केवळ उच्चवर्णीय नव्हत्या. सर्व जातींच्या होत्या. शेती, विणकाम, छापखाना, तेलघाणा असे उद्योग त्या चालवू लागल्या.

१९०५ मध्ये मुक्ती सदनात मोठी धर्मजागृती झाली. मुली तासन् तास प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपले अनुभव मोठ्याने सांगू लागल्या. त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊन साक्ष देऊ लागल्या. या प्रकारातील भावनावेगाविषयी तेव्हाही शंका घेतल्या गेल्या आणि आजही घेता येतील. तथापि साहित्याच्या दृष्टीने एक बाब दुर्लक्षिता येत नाही. ज्या समाजात दुष्काळातून वाचलेल्या अनाथ मुलीला कोणी तिचे नावही विचारीत नसे, त्या समाजात शेकडो मुली उभ्या राहून माझ्या आयुष्यात असे घडले, हे सांगत होत्या. त्यांच्या कथनांचा साचा ठरलेला असेल, शब्द उसने असतील. पण कथनाचा कर्ता ‘मी’ होता.

१९०७ ची पुस्तिका या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. रमाबाई तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. पाप, नैराश्य, प्रकाश आणि आनंद हा सुवार्तावादी कथनाचा परिचित क्रम त्यांनी स्वीकारलेला आहे, आणि त्यामुळे चेल्टनहॅमच्या पत्रांतील वादविवाद करणारी, अडवून प्रश्न विचारणारी स्त्री येथे काहीशी शांत झालेली दिसते. अभ्यासकाने या दोन रमाबाईंपैकी एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवू नये. पत्रे घटनेच्या ऐन भरात लिहिलेली आहेत, पुस्तिका वीस-पंचवीस वर्षांनंतर अर्थ लावून लिहिलेली आहे. आणि प्रत्येक आत्मकथनात ही दुसरी क्रिया अटळच असते. दोहोंत समान राहिली ती गोष्ट वेगळीच आहे. खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारे लोक पाहून झालेला गैरसमज, धर्मशास्त्राच्या वाचनातून आलेले वैफल्य, बाप्तिस्मा घेऊनही आठ वर्षे अपुरी राहिलेली श्रद्धा हे सारे त्यांनी लपविले नाही. आदर्श धर्मांतराच्या कथेला शोभणार नाही अशी कबुली त्यांनी दिली. आपल्या पहिल्या निर्णयाचे श्रेय त्यांनी चर्चला दिले नाही, आणि आपल्या अपुरेपणाचा दोषही कोणावर टाकला नाही.

ही साक्ष त्यांनी इंग्रजीत का लिहिली? मदत करणारा वाचकवर्ग पाश्चात्त्य होता, हे व्यावहारिक उत्तर पुरेसे वाटते. पण त्यामुळे मराठी वाङ्मयाची हानी झाली हे खरे. त्या हानीची भरपाई रमाबाईंनी एका वेगळ्या कामाने केली असे म्हणता येईल. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. कलकत्त्याच्या पंडितांनी जिच्या संस्कृतचा गौरव केला, त्या बाईने संस्कृतप्रचुर मराठी जाणीवपूर्वक दूर ठेवून खेड्यातील स्त्रीला वाचता यावे असे साधे मराठी निवडले. मुक्ती सदनातील स्त्रियांनी ते जुळविले आणि छापले. या भाषांतराच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद आहेत. कित्येक ठिकाणी ते मुळाला इतके चिकटून राहते की मराठी वाक्य अवघडते. तरी त्यामागील भूमिका स्पष्ट आहे. श्रवणाने पुण्य मिळविणाऱ्या श्रोत्यांऐवजी स्वतः वाचून स्वतः निर्णय करणारी वाचक स्त्री रमाबाईंना हवी होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. ज्या लेकीच्या हाती संस्था सोपवायची तीच आधी गेली. भाषांतराचे काम तरीही थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंनंतर बारा वर्षांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचकांच्या हाती पडू लागली. लक्ष्मीबाईंच्या लेखनातील खेळकरपणा, घरगुती बोलीचा डौल आणि माणसांची रेलचेल रमाबाईंच्या पुस्तिकेत नाही. नवऱ्याच्या धर्मांतरामागोमाग पाच वर्षे झगडून स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाईंचा प्रश्न मात्र रमाबाईंच्या प्रश्नापेक्षा निराळा नव्हता : माझ्या श्रद्धेविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा? ‘अरुणोदया’त हा अधिकार एका शिकलेल्या तरुणाने कुटुंबाविरुद्ध मिळविला. रमाबाईंना तो शास्त्री, सुधारक आणि चर्च अशा तिघांपासून मिळवावा लागला; आणि मिळविल्यानंतर तो आपल्या आश्रयाला आलेल्यांच्या बाबतीत कसा वापरावा, हा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहिला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्राने निःसंदिग्धपणे दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर शारदा सदनातील त्या उघड्या दारापाशी अडून राहिले आहे, आणि त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकाने ते तेथेच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणे इष्ट होय. मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिताना १९०७ च्या त्या इंग्रजी पुस्तिकेला स्थान द्यावयाचे ते या दोन्ही प्रश्नांसह द्यायला हवे.